सासऱ्यांचा संघ

त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो कोणाला विचारायची सोय नव्हती. सीझन पुन्हा सुरू होणार की नाही? बाहेर माणसं दवाखान्यात जागा शोधत फिरत होती, आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले होते, आणि मी नांदेडमधल्या माझ्या दोन खोल्यांत बसून परदेशातल्या एका लीगचे दहा सामने राहिलेत याची काळजी करत होतो. लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून काळजी थांबते, असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

संघाचं नाव सांगत नाही. ज्याला फुटबॉल कळतं तो नाव ऐकून भांडायला येईल, आणि ज्याला कळत नाही त्याला नावानं काय फरक पडणार? तो त्या देशाच्या राजधानीचा संघ, म्हणून आमच्या घरात त्याला 'राजधानीवाले' म्हणतात. बारा वर्षं झाली होती अजिंक्यपद मिळून. त्या वर्षी सगळं बंद पडलं तेव्हा आम्ही पहिल्या नंबरावर होतो आणि आमच्या मागे फक्त दोन गुणांनी होते 'बंदरवाले', म्हणजे समुद्राकाठच्या एका जुन्या, फुटक्या नशिबाच्या शहराचा संघ. त्यांना तर जिंकून इतकी वर्षं झाली होती की तेव्हाचे खेळाडू आता आजोबा असतील.

माझ्यासारखीच काळजी करणारा आणखी एकच माणूस मला माहीत होता. माझे सासरे. ते लातूरला राहतात, मी त्यांना मामा म्हणतो. पाटबंधारे खात्यात कारकून होते. पाणी नसलेल्या कालव्यांच्या फायली त्यांनी जन्मभर इमानदारीनं सांभाळल्या. तरुणपणी हैदराबादला शिकायला होते, तिथं फुटबॉलचं वेड लागलं ते लागलंच. लातुरात त्यांच्या पिढीत हे वेड असलेला दुसरा माणूस शोधायचा तर दिवसा कंदील घेऊन फिरावं लागलं असतं.

आमचं लग्न जमण्यात या वेडाचा हात आहे. मी देगलूरचा, नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलेला. आम्ही पाच-सहा जण मुलगी बघायला लातूरला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, माझ्या काकांनी मुलीला स्वयंपाक, शिक्षण, सगळं विचारून घेतलं. मग मामांनी भीत भीत मला विचारलं, "आपल्याला कशाची आवड?" मी म्हणालो, फुटबॉल बघतो. तो माणूस खुर्चीत सरळ झाला. "कोणता संघ?" मी राजधानीवाल्यांचं नाव घेतलं. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "वा! आमचा पण तोच." काकांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं, गुण जुळले."

तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही दोघं एकत्र सामने बघत आलो. ते लातूरला, मी नांदेडला, मध्ये फोन. गोल झाला की मी ओरडायचो आणि ते म्हणायचे, "अभिनंदन, जावईबापू!" मला ते थोडं विचित्र वाटायचं. संघ दोघांचा, मग अभिनंदन एकट्या माझं का? पण लातूरची जुनी माणसं जावयाशी अशीच अदबीनं बोलतात, म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

टाळेबंदीत दर रविवारी त्यांचा फोन यायचा. टीव्हीवर जुने सामने दाखवायचे, तेच आम्ही निकाल माहीत असून बघायचो. एका रविवारी बातमी आली की सीझन सुरू करायचा विचार चालू आहे, प्रेक्षकांशिवाय. त्या दिवशी सकाळीच आमच्या शेजारच्या गल्लीत एक जण गेला होता आणि त्याला खांदा द्यायलाही कोणाला जाऊ दिलं नव्हतं. मला खरंच कळेना की या बातमीनं आपण खूश व्हायचं की नाही. मी मामांनाच विचारलं.

"मामा, सुरू व्हावं का हो? इकडं माणसं मरून राहिलेत."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "व्हावं. अर्ध्यात सोडू न्हाई कुणाला. हारायचं तर पुरं खेळून हारावं माणसानं." आणि थोडं थांबून, "यंदा न्हाई जमलं तर मग मी काय बघत न्हाई आता. वय झालं."

"असं काय बोलता? यंदा आपण जिंकणारच!"

"हाव," ते म्हणाले. "जिंकणारच."

जूनमध्ये सामने सुरू झाले आणि माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मैदान रिकामं, खुर्च्या रिकाम्या, आणि टीव्हीवाले वरून गर्दीचा आवाज सोडत होते. बायको म्हणाली, "रिकाम्या मंगल कार्यालयात सनई लावल्यासारखं वाटतंय." गोल केलेला खेळाडू सवयीनं कोपऱ्याकडे धावायचा आणि तिथं पोचल्यावर आता काय करावं ते न कळून परत यायचा. माझंही तेच. समोरच्या घराच्या दारावर पत्रा ठोकला होता, आत माणसं कोंडून बसली होती. मी ओरडावं तरी कसं? मी उशीत तोंड खुपसून ओरडायचो. बाकी आमच्या आशा मात्र जागच्या जागी होत्या. आम्हीही जिंकत होतो आणि बंदरवालेही जिंकत होते. दोन गुणांचं अंतर काही हलेना. शेवटून तिसरा सामना राजधानीवाले विरुद्ध बंदरवाले असा होता. जो जिंकेल त्याचं वर्ष.

त्या सामन्याच्या चार दिवस आधी मामांना ताप आला. तपासणी झाली आणि त्यांना लातूरला वॉर्डात घेतलं. मामींची तपासणी ठीक आली, पण त्यांना घरातच बसवलं. बायको रडून रडून अर्धी झाली. जिल्हा ओलांडायला पास लागत होता, आणि पास मिळाला असता तरी वॉर्डात कोण सोडणार होतं? मामांकडे बटणांचा साधा फोन. त्यात सामना दिसत नाही, आणि वॉर्डात टीव्ही नव्हता. मी ठरवलं की आपण एवढं तरी करायचं. सामना आपण बघायचा आणि संपल्या संपल्या त्यांना सांगायचं.

सामना संध्याकाळचा होता. आम्ही तीन-शून्यनं जिंकलो. बारा वर्षांनी अजिंक्यपद हाताशी आलं! मी उशी फेकून दिली आणि फोन लावला. दहा-बारा वेळा रिंग गेली, मग त्यांचा आवाज आला, धाप लागलेला.

"मामा, जिंकलो! तीन-शून्य!"

"तीन?"

"तीन! अहो, धुऊन वाळत घातलं बंदरवाल्यांना!"

आणि मग मी त्यांना तिन्ही गोल सांगितले. नुसते सांगितले नाहीत, शाळेत मुलांना पचनसंस्था समजावतो तसे सांगितले. चेंडू कुठून निघाला, कोणाच्या पायातून गेला, त्यांचा गोलकीपर कसा उलट्या बाजूला पडला. तिसऱ्या गोलाला त्यांचा कप्तान कसा मैदानात बसून रडला तेही सांगितलं. बायको दारात उभी राहून हातवारे करत होती. मला वाटलं, तिला वडिलांशी बोलायचंय. मी हातानंच तिला थांब म्हणालो आणि पहिला गोल पुन्हा एकदा सांगितला. मामा मधे मधे "हां" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "अभिनंदन, जावईबापू. लई चांगलं झालं." मग बायकोनं फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मामींना फोनवर म्हणाले, भूक न्हाई. आम्ही घाबरलो. मी ओळखीपाळखीनं वॉर्डातल्या डॉक्टरांपर्यंत पोचलो. ते म्हणाले, ऑक्सिजन बरा आहे, ताप उतरलाय, पण पेशंट मनानं खचलाय, घरी काही झालं का? मी म्हणालो, छे हो, उलट आम्ही त्यांना आनंदाची बातमी दिली! आणि फोन ठेवून बायकोला म्हणालो, आता रोज त्यांना फुटबॉलचंच सांगत जाऊ, तेवढाच विरंगुळा. ती माझ्याकडे बघत राहिली. "नका," एवढंच म्हणाली. का नको, ते तिनं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी थोडा भात खाल्ला आणि पंधरा दिवसांनी घरी आले. मधल्या काळात राजधानीवाले अजिंक्य झाले. रिकाम्या मैदानात रिकाम्या खुर्च्यांना चषक दाखवला. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते हे, असं मी मनाला बजावून सांगत होतो, पण मन काही केल्या ऐकेना. पेढे आणायला दुकान उघडं नव्हतं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसा त्या वर्षी खरोखरच तेरावा महिना आला. धोंड्याचा. आमच्याकडे अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. जावई म्हणजे त्या दिवसापुरता साक्षात विष्णू. तोवर रस्ते खुले झाले होते. मी म्हणत होतो, यंदा राहू द्या, मामा आजारातून उठलेत. पण मामांनी ऐकलं नाही. आम्ही चाकूरमार्गे लातूरला गेलो.

मामा अर्धे झाले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. तरी त्यांनी मला पाटावर बसवलं, आणि मी नको नको म्हणत असताना खाली बसून माझे पाय धुतले. उठताना त्यांना दम लागला, भिंतीला हात लावून उभे राहिले. मला फार अवघडल्यासारखं झालं. पण रीत म्हणजे रीत. मी निमूट बसून वाण घेतलं.

योग असा की नवा सीझन नुकताच सुरू झाला होता आणि त्याच संध्याकाळी राजधानीवाले विरुद्ध बंदरवाले. अकरा वर्षांत आम्ही एका खोलीत बसून बघितलेले सामने बोटांवर मोजण्याइतकेच. मी खुशीत होतो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर मामी गडबडल्या. जावई स्वयंपाकघरात आलेला त्यांना चालत नाही. पण मी निघालो तशी त्यांनी हाक मारली.

"एक सांगू का? राग धरू नका. आज तुम्ही जरा कमी ओरडा."

"का? त्यांना त्रास होतो का आवाजाचा?"

"आवाजाचा न्हाई." त्यांनी पदरानं हात पुसले. "यांचा संघ त्यो न्हाई. यांचा दुसरा हाय. आज तुमच्या संगं ज्यो खेळून राहिला, त्योच."

मला काही समजेना. मी म्हणालो, "पण ते तर पहिल्या दिवसापासून..."

"पहिल्या दिवशी काय करतील? पोरीला बघायला आलेलं पोरगं म्हणतंय माझा अमका संघ. मुलीच्या बापानं म्हणावं का, माझा त्याच्या विरुद्धचा हाय म्हणून? म्हणले, आमचा पण तोच. मग तेच धरून बसले. आम्हाला सगळ्यांला शपथ घातली, जावयाला कळू द्यायचं न्हाई. आज मी मोडली बघा शपथ. तुम्ही दवाखान्यात फोन केला, तवापासून माझ्या जिवाला चैन न्हाई."

मी तिथंच उभा राहिलो. बायको कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही. अकरा वर्षं. बंदरवाल्यांचा प्रत्येक पराभव मी या माणसाला फोन करून, हसत हसत, बारकाव्यांसकट ऐकवला होता, आणि त्यानं प्रत्येक वेळी माझं अभिनंदन केलं होतं. त्याच्या संघाला इतक्या वर्षांनी एक संधी आली, आणि ती गेल्याची बातमी मी त्याच्या नाकाला नळी असताना त्याला दिली. गोलकीपर कसा पडला ते सांगितलं. पहिला गोल दोनदा सांगितला. मला माझीच चीड आली, आणि त्याहून जास्त चीड त्या पोह्यांच्या कार्यक्रमाची आली. मुलीच्या बापाला आपला संघसुद्धा आपला म्हणायची चोरी, ही कसली रीत? पण दुपारी त्याच रीतीनं मी पाय पुढे केले होते, तेव्हा बोलणार तरी कोणत्या तोंडानं? आणि चिडलो असतो तर मामींनी शपथ मोडल्याचं उघड झालं असतं. मी पाणी न पिताच बाहेर आलो.

बाहेर मामांनी टीव्ही लावला होता. मला सोफा दिला, स्वतः खुर्चीवर. मी मनाशी ठरवलं की आज आपण बंदरवाल्यांच्या बाजूनं बसायचं. गुपचूप.

विसाव्या मिनिटाला बंदरवाल्यांनी गोल केला. मी टाळी वाजवली, "वा!" म्हणालो. मामा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पंख्याला साडी नेसवलीय. ते अजिबात हलले नाहीत. हात मांडीवर, मुठी आवळलेल्या. मग हळूच म्हणाले, "गोल त्यांचा झाला, जावईबापू."

"हो. पण चांगला होता."

"हां. चांगला होता खरा."

मध्यंतरानंतर राजधानीवाल्यांनी बरोबरी केली. आता मामांनी टाळ्या वाजवल्या, "अभिनंदन!" म्हणाले, आणि मी तोंडात गुळणी धरल्यासारखा बसून राहिलो. त्या क्षणी त्या खोलीत कोण कोणाच्या बाजूचं होतं, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. माझ्या पोटात अकरा वर्षांच्या सवयीनं आनंद उसळत होता आणि मी तो दाबत होतो. समोर मामा नसलेला आनंद ओढून काढत होते. टीव्हीवर खोट्या गर्दीच्या खोट्या आरोळ्या चालू होत्या. मला वाटलं, त्यातल्या त्यात तीच गर्दी प्रामाणिक आहे.

शेवटची पाच मिनिटं राहिली असताना बंदरवाल्यांना पेनल्टी मिळाली. मामा उठून उभे राहिले. आपण उठलो हे त्यांचं त्यांना कळलं नसावं. त्यांचा खेळाडू मागे गेला, धावला, गोल! मामांच्या तोंडून असा आवाज आला की मामी आतून धावत आल्या. दोन्ही हात वर, डोळे भरलेले, आणि मग खोकल्याची उबळ. मी त्यांना धरून बसवलं, पाणी दिलं. सामना संपला. दोन-एक.

जरा वेळानं भान आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यावर माणूस दिसतो तसे दिसत होते. "वाईट झालं," ते म्हणाले. "आपले हारले."

"मामा, मला माहीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी मामींकडे बघितलं. मामी आत निघून गेल्या. मामा शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत बसले. मला माफी मागायची होती, पण जावयानं सासऱ्यांची माफी मागायची पद्धत मला ठाऊक नव्हती, कारण तशी पद्धतच आमच्यात नाही. म्हणून मी सरळ विचारलं.

"मी त्या दिवशी वॉर्डात फोन केला. तिन्ही गोल सांगत बसलो. तुम्ही फोन ठेवून का नाही दिला? दम लागतो म्हणायचं, डॉक्टर आले म्हणायचं. काहीही म्हणायचं."

"जावयाचा फोन मधीच कसा ठेवावा?" ते म्हणाले. मग टीव्हीकडे बघत, माझ्याकडे न बघता बोलले. "बाजूच्या खाटेवरला माणूस त्या दिवशी दुपारीच गेला होता. खाट तशीच मोकळी होती. तिकडं बघू वाटत नव्हतं. तुम्ही बोलून राहिले होते तेवढा येळ खाटेकडं नजर गेली न्हाई. मी मनात म्हणत होतो, तीनच का, अजून चार गोल बसले असते आमच्यावर तर बरं झालं असतं."